सुई, मीठपाणी आणि बावन्न पायऱ्या

(भिवंडीतील वसंत व्याख्यानमालेत एका निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञांनी दिलेले व्याख्यान. बोलण्याचा ओघ आणि श्रोत्यांचा प्रतिसाद शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आधी एक खुलासा करतो. बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, ‘गुडघेदुखी : ऑपरेशनशिवाय रामबाण उपाय’. यातला ‘रामबाण’ माझा नाही. मी फोनवर ‘गुडघेदुखीवरचे सुईचे उपाय’ एवढंच सांगितलं होतं. कार्यवाह म्हणाले, सुई म्हटलं तर कोण येणार? (हशा) तेव्हा जे रामबाणासाठी आले असतील त्यांनी आत्ताच उठून जावं. उठता येत असेल तर. (मोठा हशा)

माझ्या लहानपणी व्याख्यानाला सतरंज्या असायच्या. आज समोर सगळ्या खुर्च्या आहेत आणि कडेच्या खुर्च्या आधी भरल्यात, कारण तिथे भिंतीला हात लावून उठता येतं. हे मी दारातूनच पाहिलं. चाळीस वर्षांची खोड आहे, माणूस बघायच्या आधी त्याची चाल बघतो.

गुडघा कसा असतो, कूर्चा म्हणजे काय, झीज का होते हे सांगत बसत नाही. तुमच्यापैकी निम्म्यांच्या पिशवीत आत्ता एक्स-रे असेल, आणि व्याख्यान संपल्यावर तो बाहेर येणार आहे. वाजपेयींच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया २००० आणि २००१ साली ब्रीच कँडीत झाली, मग घरोघरी ‘वाटी बदलायची’ भाषा आली. वाटी बहुधा आपल्या जागीच असते हो, आम्ही मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची टोकं कापून तिथे टोप्या बसवतो. २०१७ साली सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमती बांधून दिल्या. साधारण दीड लाखाच्या पुढे जाणारा साधा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. आजचा विषय गोळी आणि शस्त्रक्रिया यांच्या मधला आहे. गोळीने पोट बिघडतं आणि ऑपरेशनला मन धजत नाही, अशा माणसाला सुई घेऊन भेटायला येणारे आम्ही लोक.

इथे माझं एक वेड आहे, ते आधीच कबूल करतो. बायको म्हणते, तुम्ही भाजीवाल्यालासुद्धा हाच प्रश्न विचारता. प्रश्न असा, ‘कशाच्या तुलनेत?’ एखादा म्हणाला, इंजेक्शनने मला साठ टक्के फरक पडला, की मी विचारतो, कशाच्या तुलनेत? कालच्या? शेजाऱ्याच्या? की काहीच केलं नसतं तर जे झालं असतं त्याच्या?

आपण खाडीकाठची माणसं. काल्हेर-कशेळीकडच्यांना भरती-ओहोटी मी काय शिकवू? समजा, ऐन भरतीला एखाद्याने काठावर बसून तांब्या-तांब्याने पाणी उपसायला घेतलं आणि सहा तासांनी खाडी उतरली. श्रेय तांब्याला द्यायचं का? गुडघ्याचं दुखणं असंच चढतं-उतरतं. माणूस डॉक्टरकडे जातो तो ऐन भरतीला, नाहीतर लग्नाच्या मोसमात. त्यानंतर जे काही कराल त्याने उतार पडतोच. शिवाय कूर्चेला स्वतःच्या नसा नाहीत. दुखतं ते आतलं अस्तर, हाड, भोवतालचं आवरण. म्हणून एक्स-रे भयंकर आणि माणूस पंढरीला चालत जातो, किंवा एक्स-रे छान आणि माणूस जिन्याला हात जोडतो, असे दोन्ही प्रकार मी भरपूर पाहिलेत.

आता एक गोष्ट सांगतो. दोन मिनिटांची आहे.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली नावाचे सर्जन होते, माजी सैनिकांच्या रुग्णालयात. त्या काळी झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतला कचरा धुऊन काढायची फार पद्धत होती. आपल्याकडेही होती, आणि लपवत नाही, मीही गुडघे धुतलेत. पेशंट खूश असायचे. मोझलींनी १८० पेशंट घेतले. काहींचा गुडघा नुसता धुतला, काहींचा धुऊन खरवडला, आणि काहींना गुंगीचं औषध देऊन कातडीवर फक्त तीन छेद दिले. आत काही घातलं नाही. पण सर्जन हत्यारं मागत होते, गुडघा हलवत होते, धुतल्याचा आवाज यावा म्हणून पाणीसुद्धा उडवत होते. नाटक हो, शुद्ध संगीत नाटक! (हशा)

नाही, नाही, फसवणूक नव्हती. पहिल्या रांगेतल्या वकीलसाहेबांची मान हलली म्हणून सांगतो. प्रत्येकाने आधी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की माझ्यावर खोटी शस्त्रक्रिया होऊ शकते आणि तिने सांध्याचा आजार बरा होणार नाही. ३२४ जणांना विचारलं, १४४ नको म्हणाले. उरले ते १८०. दोन वर्षं पाठपुरावा केला आणि २००२ साली निकाल छापला. तिन्ही गट सारखे. छेदवालेही तितकेच बरे, धुतलेलेही तितकेच.

तो लेख वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. मी धुतलेले गुडघे आठवत होतो. पेढे घेऊन आलेले लोक आठवत होतो. पेढे कशाचे होते मग?

(वक्ते काही क्षण थांबतात.) असो. पाणी द्या जरा.

तर सुया. सर्वांत जुनी स्टेरॉइडची. सांध्यात हायड्रोकॉर्टिझोन देऊन पाहिल्याचं १९५१ पासून छापलेलं सापडतं. सूज आलेल्या, गरम, फुगलेल्या गुडघ्याला तिने काही आठवडे खरंच उसंत मिळते. पण दर तीन महिन्यांनी घेत राहू म्हणाल, तर २०१७ची अमेरिकेतली चाचणी ऐका. १४० जण, दोन वर्षं, दर बारा आठवड्यांनी निम्म्यांना स्टेरॉइड आणि निम्म्यांना सलाईन, म्हणजे मीठपाणी. दुखण्यात फरक नाही. कूर्चा मात्र स्टेरॉइडवाल्यांची जास्त झिजली. मधुमेह्यांनो, या सुईनंतर काही दिवस साखर चढते. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करून द्या.

दुसरी सुई तुम्हाला ‘जेल’ म्हणून माहीत आहे. शांतीनगरचा एक यंत्रमागाचा मिस्त्री माझ्याकडे आला. आल्या आल्या म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, बेअरिंग कोरडं पडलंय, ग्रीस मारून द्या.’ निदान, उपचार सगळं तयार! हायलुरॉनिक आम्ल म्हणजे सांध्यातल्या नैसर्गिक वंगणाचाच घटक. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. एका शाकाहारी आजोबांनी हे ऐकून अर्धवट भरलेली सिरिंज परत ठेवायला लावली होती. (हशा) आता जिवाणूंकडूनही बनवतात, आजोबांना सांगा कोणीतरी. मिस्त्रीला मी विचारलं, लूममधलं बेअरिंग वाकड्या शाफ्टमुळे घासत असेल तर नुसत्या ग्रीसने किती दिवस चालेल? म्हणाला, ‘सीझन निघेल.’ याहून नेमकं उत्तर मी परिषदेत ऐकलेलं नाही. पण गंमत अशी की ते जेल सांध्यातून थोड्याच काळात निघून जातं आणि ज्यांना आराम पडतो त्यांना तो महिनोन्‌महिने पडतो. मग काम कोण करतंय? २०२२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या. खोट्या सुईच्या तुलनेत फायदा निघाला, पण माणसाला जाणवेल इतका नाही.

तिसरी पीआरपी. तुमचंच रक्त घ्यायचं, यंत्रात फिरवायचं, प्लेटलेटवाला पिवळा भाग गुडघ्यात सोडायचा. सध्या सर्वांत जास्त बोलबाला हिचा, आणि बिलही तसंच. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर चाचणी झाली, २०२१ला छापली. आठवड्याला एक अशा तीन सुया, निम्म्यांना मीठपाणी. वर्षाने दहापैकी दुखण्याचे गुण पीआरपीवाल्यांचे २.१ने उतरले आणि मीठपाणीवाल्यांचे १.८ने. आता सांगा, पीआरपी फसली की मीठपाणी जिंकलं?

(श्रोत्यांतून : ‘तुम्ही स्वतः काय घेतलंत, ते सांगा!’) सांगणार होतोच, घाई काय आहे? मी पीआरपी घेतली. उजव्या गुडघ्यात, तीन वर्षांपूर्वी, एका मित्राकडून. बरं वाटलं. सहा महिने छान गेले. ते प्लेटलेटमुळे, की मित्राने पैसे घेतले नाहीत म्हणून, मला आजही सांगता येत नाही. (हशा)

मीठपाण्यावरून आठवलं, हे टिपणात नाही. माझी आत्या दोन्ही गुडघ्यांनी आखडलेली होती. माडीवर यायची नाही, जेवण खाली पाठवावं लागायचं. पण चैत्रात ती आम्हा पोरांना घेऊन एस्टीने वज्रेश्वरीला जायचीच. चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस बोलला आणि १७३९ला किल्ला पडल्यावर देवीचं देऊळ उभं राहिलं, हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे मामाच्या गावाला आजोळ दाखवणं. तर त्या बावन्न पायऱ्या आत्या चढायची. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठड्याला धरून. एम. एस.ला असताना फिजिओथेरपीच्या बाईंनी हेच शिकवलं तेव्हा मी म्हटलं, हे आमच्या आत्याचं आहे. खाली आल्यावर अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसायची, तासभर. पाणी इतकं कढत की आम्ही पोरं ओरडायचो. परत आली की पंधरा दिवस माडीवर ये-जा. मग पुन्हा जेवण खाली.

(एक श्रोते : ‘म्हणजे आमच्या कुंडात काही नाही, असं म्हणायचंय का?’)

बसा, बसा. गणेशपुरीचे का आपण? अहो, मी कुंडाच्या बाजूने बोलतोय! फ्रान्समध्ये ४६२ जणांवर चाचणी झाली, २०१०ला छापली. निम्म्यांना घरचे व्यायाम आणि नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यावर अठरा दिवस गरम झऱ्याचे उपचार. सहा महिन्यांनी झरेवाले पुढे होते. पण माझा प्रश्न तिथेही उभा राहतो, कशाच्या तुलनेत? सुईत मीठपाणी भरून पेशंटला अंधारात ठेवता येतं. खोटं कुंड कसं बनवायचं? खोटी वज्रेश्वरी कुठून आणायची? आत्याला बरं वाटलं ते गंधकाच्या वासामुळे, उष्णतेमुळे, बावन्न पायऱ्यांच्या व्यायामामुळे, की स्वयंपाकघरातून सुटका झाली म्हणून? (महिलांच्या बाजूने टाळ्या) बघा, निकाल लागला.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. अजून दोन उपाय बाकी आहेत आणि तेच नवे आहेत. कार्यवाह, ही दहा मिनिटं कुंडाच्या खात्यातली धरू नका.

पहिला, नसा जाळण्याचा. गुडघ्याकडून दुखण्याची वर्दी नेणाऱ्या बारीक नसा असतात. आधी तिथे भूल देऊन बघायचं. उतार पडला तर एक्स-रे नाहीतर सोनोग्राफीखाली सुई नेऊन रेडिओलहरींनी तिचं टोक तापवायचं. दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी २०११ला ३८ वयस्कांवर करून दाखवलं, निम्म्यांवर खोटी प्रक्रिया केली आणि खरी निश्चित पुढे गेली. माझ्या प्रश्नाला बऱ्यापैकी सामोरा जाणारा हा उपाय. झीज आहे तिथेच राहते. नसही पुन्हा वाढते, सहा महिने, वर्षाने. सुश्रुतसंहितेत सांध्यांच्या दुखण्यावर अग्निकर्म सांगितलंय, तेव्हा कल्पना आपल्याला परकी नाही. पण म्हणून गावाकडे जाऊन तापल्या सळीने डाग देऊन घेऊ नका. ते फोड मी निस्तरलेत.

दुसरा, रक्तवाहिनी बंद करण्याचा. सुजलेल्या अस्तरात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्यासोबत नसाही येतात. जपानच्या युजी ओकुनोंनी मांडीतून बारीक नळी नेऊन त्या वाहिन्या सूक्ष्म कणांनी बुजवायला सुरुवात केली. मुंबईत आता होतं. पहिले निकाल उत्साहाचे होते. खोट्या प्रक्रियेशी तुलना झाली तेव्हा एका छोट्या चाचणीत फायदा दिसला, नेदरलँड्समध्ये दोन्ही गट सारखेच निघाले. मी वाट बघतोय.

जळवा राहिल्या. जर्मनीत २००३ला ५१ जणांच्या गुडघ्यांना जळवा लावून... हो, कळलं, वेळ संपली. जळवा पुढच्या वर्षी.

एकच ओळ व्यायामाची. ती तुम्हाला आवडत नाही म्हणून शेवटी ठेवली. अमेरिकी सैन्याच्या रुग्णालयांत १५६ जणांवर स्टेरॉइडची सुई आणि फिजिओथेरपी समोरासमोर ठेवली. वर्षाने फिजिओथेरपीवाले पुढे होते. २०२० साल. मांडीचा पुढचा स्नायू बळकट करा. झालं.

प्रश्न दोनच घेऊ. ताई, तुम्ही. ‘मी सुई घेऊ की नको?’ तुमचा गुडघा न तपासता सांगणार नाही, पण घेण्यापूर्वी चार गोष्टी बघा. ताप आहे का, गुडघा लाल होऊन तापलाय का, साखर किती आहे, आणि सांधा बदलायची तारीख ठरली आहे का. तारीख तीन महिन्यांच्या आत असेल तर सुई नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणि डॉक्टरांना माझा प्रश्न विचारा. रागावले तर माझं नाव सांगू नका. (हशा)

तुम्ही, मागे उभे आहात ते. खुर्ची आहे की पुढे. बरं, बोला. ‘तुम्ही परत पीआरपी घेणार का?’

हो. पुढच्या महिन्यात. नातू गडावर न्या म्हणतोय. सगळे आकडे तोंडपाठ आहेत आणि तरी घेणार आहे. आणि त्याच आठवड्यात अकलोलीलाही जाऊन येणार आहे. नंतर कशाने बरं वाटलं ते मात्र मला विचारू नका.