शिवाशीव आणि पिसू

(जळगावात तरुणांपुढे केलेलं भाषण)



खानदेशचा माणूस पोटासाठी सुरतेला जातो. जळगाव-धुळ्याची पोरं तिथं लूमवर खपतात. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेग उठला आणि माणसं मिळेल त्या गाडीनं पळाली. अशा वेळी गाव एकच विचारतं : रोग कुनी आणला?

सवाल जुना हाय. उत्तरही जुनं हाय, फक्त आपल्यापर्यंत पोचू दिलं नाही.

1896 साली मुंबईत प्लेग आला तो मांडवीत, गोदीजवळच्या धान्याच्या वखारींत. आम्ही गोदीत पोती उचलतो. पोत्याआड उंदीर असतोच, हे आम्हाला शिकवायला नको. 1898 मध्ये कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं बरणीत पिसवांनी भरलेला आजारी उंदीर ठेवला. वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर. स्पर्श नाहीच. तरी निरोगी उंदीर मेला. पिसवा नसताना मात्र आजाऱ्याला लागून ठेवलेले उंदीर जगले.

म्हंजे शिवलं नाही तो मेला, शिवला तो जगला! मनूच्या पोथीचा निकाल एका बरणीत लागला.

पिसूच्या पोटात प्लेगचे जंतू साचून गुठळी होते. रक्त आत उतरत नाही. उपाशी पिसू चावत सुटते आणि चावताना जंतू ओकते. उंदीर मेला की ती माणसावर येते. म्हणून 'उंदीर पडले' की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या मुलाला प्लेगनंच कायमचं अपंग केलं.

फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून पसरतो, हेही खरं. सुरतेत तोच होता. पण खोकला जात विचारत नाही. आणि त्यावर अंतर पाळणं, औषध घेणं हे चार दिवसांचं काम. अस्पृश्यतेसारखं जन्माचं नाही.

सावित्रीबाईंनी प्लेगचा रोगी स्वतः वाहून नेला आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. तेव्हा पिसूचा शोधही लागला नव्हता. भीती त्यांनाही होती, पण तिला त्यांनी जात चिकटवली नाही.

आता आपलं काम. उंदीर कचऱ्यावर वाढतो, कचरा आपल्या वस्तीशेजारी टाकतात, आणि उचलायलाही आपल्यालाच बोलावतात. सुरत 1995 नंतर साफ झाली ती सफाई कामगारांच्या हातांनी. म्हणून नगरपालिकेच्या दारात जा. झाकलेली गटारं मागा, रोजचा कचरा रोज उचला म्हणा. सफाई करणाऱ्याला हातमोजे, गमबूट, कायम नोकरी मागा.

रोग कुनी आणला हे विचारणाऱ्याला उलट विचारा : उकिरडा आमच्या दारात कुनी आणला?

जयभीम.