पहिला छेद कोणावर?



शल्यशास्त्र शिकणाऱ्याचा हात कोणाच्या देहावर तयार व्हावा, ही चिंता फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय खास याच कामी योजलेला असून, शास्त्र कितीही मुखोद्गत असले तरी ज्याने सराव केलेला नाही तो शस्त्रकर्मास अपात्र होय, असे तेथे बजावले आहे. आणि म्हणून छेदनाचा अभ्यास कोहळ्या-भोपळ्यांवर, शिरावेधाचा मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, आणि पट्टी बांधण्याचा कापडी पुतळ्याच्या अवयवांवर करावा, अशी तजवीज सांगितली आहे.

संगणकाच्या यंत्रावर सराव देणारी आजची आभासी शस्त्रक्रिया याच परंपरेत बसते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हत्यार पोटावरील लहानशा छिद्रातून आत जात असल्यामुळे मूठ उजवीकडे नेली की आतले टोक डावीकडे वळते, आणि सपाट पडद्यावर खोलीचा अदमास लागत नाही. हा उलटा हिशेब बुद्धीला उमगून भागत नाही, तो मनगटात मुरावा लागतो, आणि तो मुरेपर्यंतच्या चुकांची जोखीम आजवर रुग्णाच्या माथी येत असे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६ शिकाऊ शल्यविशारदांपैकी निम्म्यांना अशा आभासी यंत्रावर सराव दिला गेला, आणि मग सर्वांनी खऱ्या रुग्णांचे पित्ताशय यकृतापासून सोडविले, तेव्हा यंत्रावर सराव न केलेल्यांच्या हातून सुमारे सहापट चुका झाल्या. मला त्यातील एक अट विशेष मोलाची वाटते: सराव थांबे तो नेमलेले तास भरले म्हणून नव्हे, तर अनुभवी शल्यविशारदांनी घालून दिलेली पातळी गाठली म्हणून.

आपल्याकडे २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा सक्तीची केली, हे उत्तमच झाले. परंतु खोली बांधली, यंत्रे मांडली, हजेरीपट भरला, एवढ्यावर कोणी संतुष्ट राहू नये. विद्यार्थ्याशेजारी बसून, हत्यार कोठे भरकटले आणि का, हे यंत्रातील नोंदींवरून समजावून सांगणारा अध्यापक नसेल तर तीच चूक दहा वेळा गिरवली जाऊन पक्की होते. यंत्र हात घडवील; घाबरलेल्या रुग्णाशी बोलावे कसे, हे मात्र वॉर्डातच शिकले पाहिजे.

सरकारी इस्पितळात रात्री-अपरात्री येणाऱ्या गरिबाला आपला डॉक्टर निवडण्याची मुभा नसते. सबब विद्यार्थ्याने त्याच्या अंगाला हत्यार लावण्यापूर्वी ते कर्म यंत्रावर निर्दोष साधल्याचा, अध्यापकाच्या सहीचा दाखला विभागप्रमुखाने तपासावा, आणि तो नसेल तर विद्यार्थ्यास निःसंकोच माघारी पाठवावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.