गटार दुरुस्त करावें कीं नवें घालावें ?

पालघर जिल्ह्यांतील मोखाडा तालुक्यांत पोशेरा नांवाचें एक गांव आहे. हा सारा मुलूख डोंगराळ. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी यांची येथें वस्ती. आषाढ-श्रावणांत येथें पाऊस धो धो कोसळतो, आणि चैत्र-वैशाखांत ह्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर बायकांना हंडाभर पाण्यासाठीं झऱ्याच्या कांठीं तिष्ठत बसावें लागतें. तालुक्यांतील कोचाळे गांवाजवळ वैतरणा नदीवर बांधलेलें मध्य वैतरणा धरण २०१४ सालीं मुंबईच्या सेवेस रुजू झालें. त्याची उंची सुमारें १०२ मीटर आहे, आणि त्याच्या योगानें मुंबईस दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी अधिक मिळूं लागलें.

हें डोंगरचें पाणी मुंबईंतील घरांत पोंचतें, स्नानाला, भांड्यांना, शौचकूपाला वापरलें जातें, आणि पांच मिनिटांत मोरीच्या जाळीखालीं दिसेनासें होतें. पाणी येण्याच्या वाटेविषयीं सुशिक्षित गृहस्थ मोठा जागरूक असतो. जाण्याची वाट मात्र तुंबल्याखेरीज त्याला आठवत नाहीं. ही जाण्याची वाट मोडली, म्हणजे घराचा मैल्याचा नळ फुटला, खचला किंवा वारंवार तुंबूं लागला, तर तो दुरुस्त करावा कीं उखडून नवा घालावा, हा प्रश्न आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम हा नळ कोणाचा तें पाहूं. रस्त्याखालचें सार्वजनिक गटार नगरपालिकेच्या ताब्यांत असतें. घराच्या आवारांतील नळ मात्र घरमालकाचा. मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यांत हा भेद केलेला आहे. म्हणून आवारांतला नळ बिघडला म्हणजे निर्णय घ्यावयाचा तो मालकानें, किंवा सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर तिच्या सभासदांनीं. आणि बहुधा असें होतें कीं, सभेंत एक पक्ष म्हणतो, "सगळाच नळ उखडून टाका", दुसरा म्हणतो, "चार घमेलीं सिमेंट लावा आणि यंदाचें वर्ष काढा." दोन्ही पक्षांपैकीं नळ कोणीच पाहिलेला नसतो !

नळ कां बिघडतो हें कळल्यावांचून उपाय ठरत नाहीं. जुन्या इमारतींच्या आवारांत जमिनीखालीं झिलई दिलेल्या भाजक्या मातीचे नळ असतात. असा नळ आम्लानें झिजत नाहीं. नीट बसविलेला असला तर तो शंभर वर्षेंही टिकतो. त्याचा दोष त्याच्या सांध्यांत आहे. एकेक तुकडा दोन-अडीच फूट लांबीचा. म्हणजे शंभर फुटांच्या वाटेंत चाळीस-पन्नास सांधे झाले. सिमेंटनें भरलेला सांधा ताठ असतो, आणि जमीन जराशी हलली कीं त्याला तडा जातो. मुंबईंत भराव घालून केलेली जमीन पुष्कळ; देशावरची काळी माती तर उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत फुगते. तड्यांतून पाझरणाऱ्या ओलाव्याचा माग काढीत वडा-पिंपळाची केसासारखी मुळी आंत शिरते, आणि आंत गेल्यावर तिची जटा होते. सिमेंटच्या नळाचें दुखणें निराळें. त्यांत मैला सांचून कुजला म्हणजे हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु निघतो. नळाच्या माथ्यावरील ओलाव्यांत सूक्ष्म जंतु त्याचें गंधकाम्ल करतात, आणि तो माथा हळूहळू खडूसारखा भुसभुशीत होतो.

आतां परीक्षा. जुन्या काळापासून दोन सोप्या परीक्षा चालत आल्या आहेत. एका चेंबरांत आरसा आणि पुढच्या चेंबरांत दिवा धरला, तर सरळ नळांतून दिव्याचें पूर्ण वर्तुळ दिसलें पाहिजे. तें कापलेलें दिसलें कीं नळ वांकला किंवा खचला असें समजावें. दुसरी परीक्षा चेंडूची. नळाच्या व्यासाहून किंचित् लहान असा चेंडू वरच्या तोंडानें पाण्याबरोबर सोडला, आणि तो अडखळला, तर आंत कांहीं तरी पुढें आलेलें आहे. आतां चाकांवर चालणारा लहानसा कॅमेरा नळांत सोडतां येतो आणि प्रत्येक सांधा पडद्यावर पाहतां येतो. ह्या पाहणीचा खर्च खोदाईच्या मानानें अल्प असतो. परंतु तोच वांचविण्याकडे लोकांचा कल! भिंतीला ओल आली म्हणून गिलावा करावयाचा, आणि खालचा नळ गळतच ठेवावयाचा, हें आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं असें झालें.

नळ पाहिल्यावर त्याला तीन प्रश्न विचारावे. त्याचा उतार शाबूत आहे काय ? त्याचा आकार शाबूत आहे काय ? आणि त्याच्या अंगांत कस उरला आहे काय ?

तिहींत उताराचा प्रश्न पहिला. चार इंची नळास चाळिसांत एक, सहा इंची नळास साठांत एक, नऊ इंची नळास नव्वदांत एक, असा उतार द्यावा, हा गवंड्यांच्या तोंडीं बसलेला जुना आडाखा. म्हणजे सहा इंची नळ साठ फूट गेला कीं एक फूट खालीं उतरला पाहिजे. इतक्या उतारानें पाणी मैला बरोबर घेऊन धांवतें. आतां ह्या नळाचा मधला भाग पुढच्या भागापेक्षां तीन इंच खालीं बसला अशी कल्पना करा. तेथें नळ कायमचा अर्धा भरलेला राहील. पाणी मंदावेल, मैला तळाशीं बसेल, आणि कितीही वेळां साफ केला तरी दोन महिन्यांनीं तो पुन्हां तुंबेल. अशा नळाला आंतून कितीही उत्तम अस्तर लावलें, तरी तें अस्तरही त्याच खड्ड्यांत बसणार. उतार गेलेला नळ उघडून, खालचा पाया ठोकून, नव्यानेंच घातला पाहिजे.

परंतु उतार आणि आकार शाबूत असून केवळ सांधे गळत असतील, किंवा मुळ्या शिरल्या असतील, तर सबंध नळ उखडणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. कारण नव्या नळाची किंमत थोडी; फरशी फोडणें, खोदणें, पायाला धक्का लागूं नये म्हणून आधार देणें, माती नेणें आणि सर्व पूर्ववत् करणें, ह्यांतच पैसा जातो. एखाददुसरा तुकडा फुटला असेल तर तेवढाच बदलावा. अनेक सांधे गेले असतील तर अस्तराचा मार्ग आहे. हा मार्ग एरिक वुड नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १९७१ सालीं लंडनच्या एका जुन्या विटांच्या गटारांत प्रथम वापरून दाखविला. नमद्यासारख्या कापडाची लांब नळी कृत्रिम राळेंत भिजवून, पाण्याच्या दाबानें आंतली बाजू बाहेर करीत जुन्या नळांत सोडतात. मग ऊन पाणी, वाफ किंवा विशिष्ट प्रकाश यांच्या योगानें ती राळ घट्ट होते. जुन्या नळाच्या पोटांत सांधा नसलेला नवा नळ तयार होतो. मग बाजूनें येणाऱ्या नळांचीं बुजलेलीं तोंडें आंतूनच पुन्हां कापून उघडावीं लागतात. हें विसरल्यास एखाद्या बिऱ्हाडाची मोरी त्याच दिवशीं तुंबते.

जुन्या वस्तूचा जीव ओळखून ती राखणें ह्यांत कमीपणा नाहीं. १८५८ च्या उन्हाळ्यांत टेम्स नदीच्या दुर्गंधीनें लंडनची पार्लमेंट हैराण झाली, आणि त्यानंतर जोसेफ बॅझलजेट यानें शहराखालीं विटांचीं मोठीं गटारें बांधलीं. दीडशें वर्षें उलटून गेलीं तरी तीं आजही वाहत आहेत. कलकत्त्यांतील एकोणिसाव्या शतकांतल्या विटांच्या गटारांनाही ह्या शतकांत आंतून अस्तर देऊन नवें आयुष्य दिलेलें आहे.

तिसरा प्रश्न अंगांतल्या कसाचा. नळाचा माथा खचला असेल, तो चपटा झाला असेल, किंवा हात लावतांच भुगा पडत असेल, तर अस्तराला टेकावयास जागाच नाहीं. तेथें नवा नळ हाच उपाय. त्यांतही सर्वत्र चर खणावा लागतो असें नाहीं. उतार ठीक असेल तर जुन्या नळांतून पोलादाचें शंक्वाकृति डोकें ओढून नेतां येतें. तें जुना नळ फोडीत पुढें जातें आणि त्याच्यामागून नवा नळ त्याच वाटेनें येतो. मात्र जवळून पिण्याच्या पाण्याचा नळ जात असेल तर हा प्रयोग जपून करावा.

पिण्याच्या नळाचा उल्लेख सहज आलेला नाहीं. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसांतून कांहीं तासच येतें. तें बंद झालें कीं नळांतील दाब उतरतो, आणि शेजारच्या फुटक्या गटारांतील घाण पाणी पिण्याच्या नळाच्या बारीक भेगेंतून आंत ओढलें जाऊं शकतें. कोल्हापूर जिल्ह्यांतील इचलकरंजी शहरांत २०१२ सालीं काविळीची मोठी सांथ आली आणि हजारों लोक आजारी पडले. पिण्याच्या पाण्यांत मैलापाणी मिसळलें, हें तिचें मूळ होतें. तेव्हां "यंदाचें वर्ष काढूं" असें म्हणणारा गृहस्थ केवळ स्वतःच्या मोरीचा प्रश्न पुढें ढकलीत नसतो. तो शेजाऱ्याच्या माठाचाही प्रश्न पुढें ढकलीत असतो.

आणि आणखी एक हिशेब ह्या जमाखर्चांत कोणी मांडीत नाहीं. वारंवार तुंबणारा नळ कोणी तरी साफ करावा लागतो. आधीं सांगितलेला हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला तर तो वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि चेंबरांत उतरलेल्या माणसास आपण कशांत उतरलों हें कळण्यापूर्वींच तो कोसळतो. त्याला काढण्यासाठीं उतरलेला दुसराही तेथेंच राहतो. २०१३ च्या कायद्यानें संरक्षणसाधनांवांचून माणसास अशा गटारांत उतरविण्यास बंदी केली, आणि ती केवळ सरकारी खात्यांपुरती नाहीं; खासगी गृहस्थासही ती लागू आहे. गटारांत मृत्यु पावलेल्यांच्या कुटुंबांस दहा लक्ष रुपये द्यावे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलें. २०२३ च्या निकालानें ती रक्कम तीस लक्ष झाली. तरीही अशा बातम्या थांबलेल्या नाहींत. दरसाल तुंबणाऱ्या नळाची 'स्वस्त' साफसफाई ज्याच्या श्वासावर चालते, त्याचा श्वास खर्चाच्या कोणत्या रकान्यांत मांडावयाचा ? हा रकाना भरला, म्हणजे योग्य वेळीं केलेली दुरुस्ती किंवा नवा नळ, दोन्ही स्वस्तच ठरतात.

ह्या बाबतींत पोशेऱ्यासारख्या गांवाकडून शहरानेंही शिकण्यासारखें आहे. विरळ वस्तीच्या डोंगराळ गांवीं लांबलचक गटारें घालणें शक्य नसतें आणि आवश्यकही नसतें. तेथें दोन खड्ड्यांचें शौचालय योग्य. एक खड्डा वापरांत असतां दुसरा बंद ठेवावयाचा. पहिला भरला कीं वाट दुसऱ्याकडे वळवावयाची. वर्ष-दोन वर्षांत बंद खड्ड्यांतील मैल्याचें कोरडें, निर्गंध खत होतें, आणि ताज्या मैल्यास कोणाही माणसाचा हात लागत नाहीं. कोंकणांत अप्पा पटवर्धन यांनीं भंगीकामाची अवहेलना नष्ट व्हावी म्हणून आयुष्य वेंचलें आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमांतून मैल्याचें खत करणाऱ्या संडासांचा प्रसार केला. त्याच्या मुळाशीं हाच विचार होता. ह्या शौचालयांतही दुरुस्तीचा भाग आहेच. खड्ड्याचा तळ सिमेंटनें बंद करूं नये, दोन वाटांच्या सांध्याचें झांकण घट्ट असावें, आणि विहीर व झरा यांपासून खड्डा लांब असावा.

सारांश, नळ पाहिल्याशिवाय निर्णय करूं नये. उतार व आकार शाबूत असतील तर दुरुस्त करावा. उतार गेला असेल तर खणून नवा घालावा. उतार असून अंगांतला कस गेला असेल तरीही नवाच घालावा, मग तो चर खणून असो वा जुन्या वाटेनें ओढून. काम मृग नक्षत्रापूर्वीं उरकावें. आणि काम संपल्यावर कोणता नळ कोठून जातो, किती खोल आहे, चेंबर कोठें आहेत, ह्याचा एक नकाशा काढून संस्थेच्या दप्तरांत ठेवावा. पुढच्या पिढीस फरशी फोडतांना चांचपडत बसावें लागूं नये, आणि कोणाही माणसास अंधारांत उतरावें लागूं नये, एवढें तो कागदाचा तुकडा करूं शकेल.