धन्याची कबुतरे, कुळाचे दाणे



कोनसारख्या गावात कामगार चळवळीतल्या माणसाने विलायतेतील कबुतरखान्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण पाखराच्या पोटात दाणा कुणाचा, हे पाहू लागले की विषय आपल्याच अंगणात येतो.

ऑक्सफर्डशायरमध्ये मिन्स्टर लव्हेल येथे पंधराव्या शतकातील जमीनदाराच्या वाड्याचे अवशेष आहेत. जवळच त्याचा गोल, दगडी कबुतरखाना आजही उभा आहे. अशा बुरुजांच्या आतल्या भिंतींत शेकडो कोनाडे असत. एकेकात एक जोडी. पुष्कळ ठिकाणी मधोमध फिरता खांब, त्याला शिडी. चाकर शिडीवरून भिंतीभोवती फिरे आणि उडू न लागलेली, महिन्याभराची पिले काढून घेई. ती धन्याच्या ताटात जात. विष्ठेचे खत धन्याच्या शेतात पडे.

आता हिशेब पाहा. कबुतरे बुरुजात झोपत, पण चरत गावभर. पेरलेले बी टिपत, पिकलेले धान्य खात. कबुतरखाना बांधण्याचा हक्क मुख्यतः जहागीरदारांचा व धर्मपीठांचा. म्हणजे मांस धन्याचे, चारा कुळाचा.

फ्रान्समध्ये १७८९ साली गावोगावच्या लोकांनी लिहून दिलेल्या गाऱ्हाण्यांत ही कबुतरे वारंवार येतात. त्याच वर्षी ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रसभेने जहागीरदारी हक्क मोडावयास घेतले. त्यांत कबुतरखान्याचा खास हक्कही गेला. ठरलेल्या काळात कबुतरे कोंडावीत, न कोंडल्यास ज्याच्या जमिनीवर उतरतील त्याने ती मारावीत, असा नियम झाला.

आमच्या कोकणात बुरुजाच्या जागी खोत होता. कोन ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, अलिबागजवळ चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. जमिनी पडीक ठेवल्या, हाल सोसले, पण १९३९ पर्यंत ते हटले नाहीत. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हावयास १९४९ साल उजाडले. कोकणातील अशाच कुळांची पोरे मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि संपाची शिदोरी सोबत घेऊन गेली.

जुना म्हणून कोणताही हक्क न्याय्य ठरत नाही, आणि तो आपोआप मरतही नाही. त्या बुरुजाचे कौतुक जरूर करावे; गवंड्याचा हात चांगला होता. पण देखणी वास्तू पाहताना आम्ही एक प्रश्न विचारतो, तो आपणही विचारावा: हिला दाणा कुणाच्या शेतातून आला?