अब्बांचा आजार आणि माझा मेंदू

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. पण माझ्या अब्बांना बायपोलर डिसऑर्डर आहे. ‘बापाचं डोकं असं, मुलीचंही तसंच होणार,’ हे मी लहानपणापासून ऐकत आले. ते खरं आहे का, हे मी शोधत राहिले. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

अब्बा टेलर आहेत. मी तिसरीत होते. रमजानचे दिवस, ईदच्या कपड्यांची गर्दी. तरावीहनंतर अब्बा मशीनवर बसायचे ते थेट सहरीपर्यंत. कित्येक दिवस झोप नाही, तरी थकवा नाही. भराभर बोलणं, मोठमोठे बेत. उधारीवर आठ शिलाई मशीन घेऊन आले. लोक म्हणाले, काय बरकत आहे! ईदनंतर दोन महिने ते अंथरुणातून उठले नाहीत. मग तेच लोक म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलंय. ताईत झाले, दर्ग्याच्या फेऱ्या झाल्या. मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचायला आम्हाला सहा वर्षं लागली.

त्या काळात मी पाढे विसरायचे. बाई म्हणायच्या, ‘बापावर गेली.’ मी रात्री जागी असायचे, मशीनचा आवाज कधी थांबतो ते ऐकत. हे कुणी विचारलं नाही.

आता अभ्यास काय सांगतात ते ऐका. डेन्मार्कमध्ये सात वर्षांच्या ५२२ मुलांची तपासणी झाली. त्यातल्या २०२ मुलांच्या आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया होता, १२० मुलांच्या पालकांना बायपोलर होता आणि २०० मुलांच्या पालकांना यातलं काहीच नव्हतं. लक्ष, स्मरणशक्ती, विचाराचा वेग अशा चाचण्या घेतल्या. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. स्किझोफ्रेनिया असलेल्या पालकांची मुलं सरासरीने बऱ्याच चाचण्यांत मागे होती. बायपोलर असलेल्या पालकांची मुलं मात्र एकंदरीत इतर मुलांच्या बरोबरीने होती. फरक दिसला तो घरात. मुलाला मिळणारा आधार आणि प्रोत्साहन कमी पडलेली घरं या दोन्ही गटांत जास्त होती.

मेंदूच्या एमआरआयचंही असंच. अनेक देशांतले स्कॅन एकत्र करून २०१९ मध्ये तुलना झाली. बायपोलर रुग्णांच्या मुला-भावंडांत मेंदू लहान नव्हता. उलट कवटीच्या आतलं आकारमान सरासरीने किंचित जास्त भरलं. पण वर्गाच्या सरासरीवरून एका मुलाचे गुण सांगता येत नाहीत, हे मी रोज शिकवते. स्कॅन बघून ‘या मुलाला बायपोलर होणार’ असं कोणी सांगू शकत नाही.

मग धोका नाहीच का? आहे. नेदरलँड्समध्ये अशा किशोरवयीन मुलांचा बारा वर्षं पाठपुरावा झाला. सुमारे १३ टक्के मुलांना बायपोलर प्रकारातला आजार झाला. सर्वसाधारण समाजाच्या मानाने हे बरंच जास्त आहे. आणि ७२ टक्के मुलांना तोवर कधी ना कधी कुठला तरी मानसिक आजार होऊन गेला होता, त्यात नैराश्य बरंच होतं. म्हणजे बहुतेकांना बायपोलर झाला नाही, पण लक्ष ठेवण्याची गरज बहुतेकांना होती. घरात आजार लपवला, तर लक्ष कोण ठेवणार?

माझं लग्न ठरताना खाला म्हणाल्या, ‘पाहुणे येतील तेव्हा गोळ्या कपाटात ठेव.’ मी ठेवल्या नाहीत. दोन रिश्ते मोडले. अम्मी रडली. तिसऱ्या वेळी मुलाने एकच विचारलं, ‘अब्बा औषध वेळेवर घेतात का?’ त्याच्याशीच माझं लग्न झालं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं असेल, तर तीन गोष्टी सांगते. पहिली, झोप. सलग जागरणाने या आजाराची लाट येऊ शकते, म्हणून आमच्याकडे रमजानमध्येही झोपेची वेळ ठरलेली असते. दुसरी, रोजे धरण्याआधी डॉक्टरांशी बोला. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं, तर रक्तातलं औषध धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, ती घेण्यात कमीपणा नाही. तिसरी, मुलांशी बोला. ‘अब्बा आजारी आहेत, यात तुझी चूक नाही,’ हे वाक्य मला कुणीतरी सांगायला हवं होतं. बोलायला कुणीच नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

माझी मुलगी आता सात वर्षांची आहे. परवा ती सातचा पाढा चुकली. घरातलं कुणीतरी लगेच म्हणालं, ‘नानावर गेली.’ मी तिला विचारलं, ‘रात्री झोपलीस का नीट?’ ती म्हणाली, ‘नाही, डास चावत होते.’

त्या रात्री मच्छरदाणी लावली. शिवली होती अब्बांनीच.