वडावरचे मोहोळ
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



गेल्या वर्षी शाळेमागच्या वडावर आग्या मोहोळ बसले होते. मुलांना माश्या चावतील या भीतीने मीच एका माणसाला बोलावले. त्याने रात्री टेंभा लावून मोहोळ जाळले. सकाळी पारावर मेलेल्या माश्यांचा खच पडला होता. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, या कुणाला चावल्या होत्या?" कुणालाच नाही. मुलांची काळजी रास्त होती, पण दुसरा उपाय शोधण्याची तसदी मी घेतली नव्हती. कुरआन शरीफमधील सोळाव्या सूरेचे नाव 'नहल', म्हणजे मधमाशी, हे आपली मुले चटकन सांगतात. आणि वर्गात माशी शिरली की चप्पल उचलतात. त्या दिवशी मीही त्यांच्यातलाच ठरलो.

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागलो. कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगन डोंगर आहेत. तेथील सोलिग आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या रानातला मध काढतात. आपली आग्या ती त्यांची हेज्जेनु, म्हणजे मोठी माशी. ढोलीत राहणारी सातेरी ती तुडुवे जेनु. इवलीशी फुलोरी ती कड्डी जेनु. कड्डी म्हणजे काडी. ही माशी आपले एकुलते पोळे बारीक काडीभोवती बांधते. नावातच केवढी पाहणी आहे! आमच्या आठवीच्या वर्गात मात्र सगळ्यांना एकच नाव: 'चावणारी'.

मध काढला की सोलिग थोडा मध खाली वाघासाठी ठेवतात. वाघ त्यांच्या घरचाच, आणि बिचाऱ्याला झाडावर चढून पोळे काढता येत नाही! मुले हे ऐकून हसली. मग एकाने विचारले, "आणि माश्यांचा वाटा?" मला हवा होता तो प्रश्न हाच. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या जाड भागात असतो, अंडी-अळ्या खाली असतात. मधाचा भाग तेवढा कापला तर वसाहत टिकण्याची आशा असते. टेंभा लावला की सारेच संपते. हे जंगल १९७४ मध्ये अभयारण्य झाले आणि २०११ मध्ये व्याघ्रप्रकल्प. त्याच वर्षी तेथील सोलिगांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले.

आपल्याकडे जंगल नाही, पण शाळेच्या कुंपणावर भोपळ्याचा वेल आहे. यंदा मुलांनी एका मादी कळीला, जिच्या मागे चिमुकला भोपळा असतो तिला, उमलण्याआधी मलमलीची पिशवी बांधली. दुसरी उघडी ठेवली. बांधलेली पिवळी पडून गळाली. दुसरीचा भोपळा धरला आणि शिपाईमामांच्या घरी त्याची भाजीही झाली.

शेती असणाऱ्या पालकांना एक विनंती. पीक फुलावर असताना फवारणी शक्यतो टाळा. करावीच लागली तर दिवस मावळल्यावर करा, तेव्हा माश्या घरी परतलेल्या असतात.

वडावर यंदा पुन्हा मोहोळ बसले आहे. पाराभोवती लांबून दोरी बांधली आहे, खेळाचा तास पुढच्या मैदानात नेला आहे. फुलोरा सरला की माश्या आपणहून उठून जातील. तोवर झाडाखाली कुणी धूर करू नये. आणि धाकटे चिरंजीव शाळेला निघाले की त्यांच्या खिशात गलोल नाही ना, एवढे पाहावे.