पुराआधी आपली गिरणी, आपला डंक



पूर म्हटला की आपण आधी माणसं बघतो, मग जनावरं, मग घरातलं धान्य. ते तसंच पाहिजे. पण आता गावोगाव बचत गटांच्या शेड उभ्या राहिल्यात. कुठं चटणीचा डंक आहे, कुठं पिठाची गिरणी, कुठं शेवया-पापडाचं यंत्र. लहान असला तरी तो कारखानाच. त्याच्यावर कर्ज असतं आणि दहा-बारा जणींचा संसार असतो. पाणी यायच्या आधी त्याचं काय करायचं, ते आज बोलू या.

आम्ही शिरोळ तालुक्यातल्या. कृष्णा-पंचगंगेचा संगम आमच्याकडं, नरसोबाच्या वाडीला. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर आमच्या भागानं बघितले. त्यातनं एक गोष्ट पक्की कळली. पाणी शेडमध्ये शिरायच्या आधी रस्ता बंद होतो. शेडचा उंबरा कोरडा असतो, पण ट्रॅक्टर मिळत नाही, टेम्पो येत नाही. २०१९ ला तर शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद पडला होता. म्हणून उंबऱ्याकडं बघून निर्णय घ्यायचा नाही. नदीच्या आकड्याकडं बघायचं.

कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीला आयर्विन पुलावर कृष्णेची इशारा पातळी ४० आणि धोका ४५ फूट. हे आकडे आम्ही शेडच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहून ठेवलेत. इशारा पातळी गाठली आणि वर घाटात पाऊस चालूच असला, की आमच्याकडं नवीन दळण घ्यायचं बंद आणि मोटर सोडायला सुरुवात. धोका पातळीची वाट बघत नाही. वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला की लोक स्नानाला जातात. आम्हीही हात जोडतो, पण तेव्हा पान्हे आधीच बाहेर काढलेले असतात!

कधी कधी आवराआवर होते आणि पाणी येतच नाही. मग घरची माणसं म्हणतात, उगीच दोन दिवसांचा धंदा बुडवला. बुडू दे. दोन दिवसांचं दळण आणि जळालेली मोटर यांचा हिशोब मांडून दाखवा, गप्प बसतात.

आता उचलायचं काय? सगळं उचलत नाही. डंकाचा सांगाडा, गिरणीचं बूड जागेवर राहू दे, ते धुऊन निघतं. मोटर, स्टार्टर, पट्टे आणि वजनकाटा आधी. त्याआधी मेन स्विच बंद. मोटरचे बोल्ट मे महिन्यातच एकदा सोडून, तेल घालून परत बसवायचे, नाहीतर ऐन वेळी गंजलेला बोल्ट पान्ह्याला दाद देत नाही. मोटर बांबूला दोर बांधून चौघींनी न्यायची. मग माल. उन्हाळ्यात कांडून ठेवलेली विक्रीची चटणी आपली असते, पण दळायला आलेले गहू गिऱ्हाइकाचे असतात. ते आधी पोचवायचे.

एक गोष्ट फार जपा. धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या गोळ्या ठेवतात, त्यांना पाणी लागलं की विषारी वायू सुटतो. पुराच्या भागात त्या शेडमध्ये ठेवूच नका.

पाणी ओसरल्यावर सगळ्यांना घाई होते, आणि माणसं दगावतात ती इथंच. भिंतीत, बोर्डात ओल असते. कुणीही, कितीही शहाणा असो, मेनला हात लावायचा नाही. भिजलेली मोटर वायरमनकडनं उघडून, धुऊन, वाळवून, मेगर लावून तपासल्याशिवाय सुरू करायची नाही. पुराचं पाणी लागलेलं पीठ, चटणी, धान्य टाकूनच द्यायचं. जीव तुटतो, पण वाळवून विकायचं नाही. मात्र टाकायच्या आधी फोटो काढा आणि पंचनामा होऊ द्या.

फोटोवरनं विमा आला. छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळते. त्यात आग, वादळ, पूर, भूकंप यांचं नुकसान धरलेलं असतं. पण पॉलिसीत इमारत लिहिलीय, यंत्र लिहिलंय की माल, ते बघा. जे लिहिलेलं नाही त्याची भरपाई मागता येत नाही. बँकेनं कर्जासोबत विमा काढला असेल, तर त्याची प्रत मागून घ्या. यंत्राची बिलं, मालाची वही आणि पॉलिसी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरच्या आळीतल्या मैत्रिणीच्या घरी ठेवा. फोटो मोबाइलमध्येही असू द्या.

आणि शेडच्या दोन किल्ल्या करा. एक जवळ राहणारीकडं, एक लांब राहणारीकडं. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे, तो दारामागं लिहा.

ज्यांच्याकडं पॉलिसी आहे त्यांनी पुढच्या बैठकीला झेरॉक्स घेऊन या. एकत्र बसून वाचू.